आवाजाला वैतागलेल्या माणसाच्या मागावर

गुस्ताव माहलर (१८६०–१९११) या ऑस्ट्रियन संगीतकाराचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ज्यांना असतं त्यातले निम्मे "फार लांबण लावतो बुवा" म्हणून मोकळे होतात. लांबण लावतोच तो. त्याची तिसरी सिंफनी (म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना) दीड तासाच्या वर चालते आणि तिचा पहिला भागच अर्ध्या तासाहून मोठा आहे. मला त्याचं वेड आहे. ताईला नाही. ती किराणा घराण्याची तालीम घेतलेली, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली. ऑर्केस्ट्रा म्हणजे तिच्या लेखी "सगळे एकदम बोलतात ती बैठक". तरी माहलरच्या मागावरच्या या प्रवासाला ती आली, कारण मी तिला तळी आणि डोंगर दाखवीन असं कबूल केलं होतं.

तळी आणि डोंगर खरंच होते. माहलर वर्षभर ऑपेराहाउसमध्ये राबायचा आणि सिंफन्या लिहायचा त्या फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, तळ्याकाठच्या किंवा रानातल्या एका खोलीच्या झोपडीत बसून. अशा तीन झोपड्या त्याने वापरल्या आणि तिन्ही आजही उभ्या आहेत. त्याचं जन्मगाव, बालपणाचं गाव, व्हिएन्ना आणि या तीन झोपड्या अशी ओळ आम्ही लावली. जून महिना मुद्दाम निवडला: व्हिएन्नाचा ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो आणि डोंगरातली ठिकाणं मेच्या आधी नीट उघडत नाहीत. व्हिसा-तिकिटांची रड सगळ्यांना माहीत आहे, ती गाळतो.

पहिला दिवस : प्राग

प्रागमध्ये बघण्यासारखं इतकं आहे की माहलर राहूनच गेला असता, म्हणून बॅगा टाकल्या आणि आधी एस्टेट्स थिएटर गाठलं. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी'चा पहिला प्रयोग १७८७ साली इथे झाला. पंचविशीतला माहलर १८८५-८६च्या हंगामात इथे वाद्यवृंदाचं संचालन करत होता. बाहेरून पाहिलं, पायऱ्यांवर बसून पाणी प्यायलो, झालं.

दुपारी ज्यू वस्तीतल्या पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेलो. आत काहीच नाही, फक्त भिंती, आणि भिंतींवर जमिनीपासून वरपर्यंत हाताने रंगवलेली नावं. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या ज्यूंची ही नावं जवळजवळ ८० हजार आहेत, गावागावांप्रमाणे लावलेली. ताई चष्मा वर-खाली करत एकेक ओळ वाचायला लागली. नंतर तिने वाचणं सोडलं आणि नुसती भिंतीच्या कडेकडेने चालत राहिली. वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझीन छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. ती तिने बघितली नाहीत, बाहेर जाऊन थांबली.

(ज्यू संग्रहालयाच्या सगळ्या वास्तूंचं एकच तिकीट निघतं. शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं, त्याप्रमाणे प्रागचे दिवस ठरवा.)

संध्याकाळी ट्राममध्ये मी तिला वॉल्टर कॉफमनची गोष्ट सांगितली. १९०७ साली कार्ल्सबादला जन्मलेला हा ज्यू संगीतकार इथल्या जर्मन विद्यापीठात शिकला. डॉक्टरेटसाठी त्याने प्रबंध लिहिला तो माहलरच्या सिंफन्यांवर. पण आपला मार्गदर्शक नाझी तरुणांच्या संघटनेचा पुढारी आहे हे कळल्यावर त्याने ती पदवीच घ्यायला नकार दिला. १९३४ साली तो मुंबईला आला. बायको गेर्टी, म्हणजे लेखक काफकाची भाची, तीही आली. मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली, तिथे मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. पुढे तो आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला. आणि सकाळी रेडिओ लावला की केंद्र सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर जी व्हायोलिनची धून वाजायची, ती त्याची.

"ती? शिवरंजनीची?" ताई एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मग तिने ती धून गुणगुणली. पूर्ण, मधल्या जागांसकट. आमच्या घरी त्या धुनेवर दूध गॅसवर चढायचं. ती बांधणारा माणूस माहलरवर प्रबंध लिहून आला होता हे कळल्यावर ताईचा माहलरकडे बघायचा सूर थोडा मवाळ झाला, एवढं नक्की.

दुसरा दिवस : कालिश्त्ये

प्रागहून बसने हुम्पोलेत्स, तिथून टॅक्सी. कालिश्त्ये हुम्पोलेत्सपासून जवळच आहे, पण बस इतक्या कमी की टॅक्सीवाल्यालाच थांबवून घ्या. पैसे आधी ठरवा.

गाव म्हणजे थोडी घरं, एक देऊळ, देवळासमोर एक बसकं घर. ७ जुलै १८६०ला माहलर इथे जन्मला. मूळ घर आगीत गेलं, आताचं त्याच जागेवर पुन्हा बांधलेलं आहे. आत खानावळ आणि मैफलींसाठी एक खोली. माहलर स्वतः सांगायचा की त्या घराच्या खिडक्यांना काचासुद्धा नव्हत्या आणि पुढे पाण्याचं डबकं होतं. त्याचा बाप बर्नहार्ट दारू गाळून विकायचा. १४ भावंडांमधला हा दुसरा, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास लहानपणीच गेली.

खानावळीच्या मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला चेक येत नव्हतं. शाकाहारी हे समजावण्यासाठी ताईने वहीत डुक्कर, कोंबडी आणि गाय काढली आणि तिन्हींवर फुली मारली. बाई हसत आत गेल्या आणि 'ब्रांबोराक' घेऊन आल्या: किसलेल्या बटाट्याचं, लसूण आणि मार्जोरम घातलेलं, कडेला कुरकुरीत थालीपीठच म्हणा. हा सगळा व्हिसोचिना प्रांत बटाट्याचा आहे. ताईने दोन खाल्ले, तिसऱ्याची कृती विचारली. तीही चित्रं काढूनच.

माहलर तीन-चार महिन्यांचा असताना कुटुंब यिह्लावाला गेलं. त्याच वर्षी सम्राटाच्या फर्मानानंतर ज्यूंना कुठेही राहायची मोकळीक मिळायला लागली होती, आणि बर्नहार्टने ती लगेच उचलली. आम्हीही संध्याकाळी त्याच वाटेने गेलो. पाऊस सुरू झाला होता आणि जूनमध्ये स्वेटर काढावा लागला.

तिसरा दिवस : यिह्लावा

या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं गाव हे. प्रागला जाणारे शंभरातले नव्वद जण इथे फिरकत नाहीत.

मधोमध प्रचंड चौक, उताराचा. एकेकाळी इथे चांदीच्या खाणी होत्या, त्या पैशावर उठलेली रंगीत घरं चारी बाजूंनी. आणि ऐन मध्यावर समाजवादी काळात कुणीतरी एक ठोकळेबाज दुकानाची इमारत आणून ठेवली आहे, ती बघून ताई म्हणाली, "हे आपल्याकडेच होतं असं वाटायचं मला." गावाच्या चिन्हावर साळिंदरासारखा काटेवाला जाहक आहे. बिअरवरही तोच.

चौकातून फुटणाऱ्या झ्नोयेम्स्का गल्लीत चार नंबरला माहलरचं घर आहे, आता संग्रहालय. खाली बापाचं मद्यालय होतं. इथे उभं राहिलं की त्याच्या कानावर काय काय पडत असेल याचा हिशोब लागतो. खाली पिणाऱ्यांची गाणी. गावात लष्कराची छावणी होती, म्हणून दिवसातून कितीदा तरी बिगूल आणि चौकात बँड. लग्नाच्या वराती, चेक आणि ज्यू वादक, आणि मेलेल्या भावंडांच्या अंत्ययात्रा. चार वर्षांचा गुस्ताव छोटं अकॉर्डियन गळ्यात अडकवून बँडच्या मागे चालत जायचा असं सांगतात.

संग्रहालयात हेडफोन लावून पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग ऐकायला मिळाला. मी तो ताईच्या कानाला लावला. सुरुवातीला एकटा डबल बास एक बालगीत वाजवतो, 'फ्रेर जॅका', पण मायनरमध्ये, म्हणजे उदास सुरावटीत. त्यामुळे ते गीत प्रेतयात्रेसारखं सरकायला लागतं. थोड्या वेळाने मध्येच गावठी लग्नातला बँड घुसतो, ओबो आणि ट्रंपेट, खाली झांजांचा ठेका. १८८९च्या नोव्हेंबरमध्ये बुडापेस्टला हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा लोकांना कळेना की हसायचं की काय. त्याच वर्षी फेब्रुवारीत माहलरचा बाप गेला होता, नंतर बहीण लिओपोल्डीन, ऑक्टोबरमध्ये आई.

ताईने हेडफोन काढला नाही. भाग संपल्यावर म्हणाली, "सगळे एकदम बोलतात, पण बोलतात वेगवेगळं. हा माणूस खिडकी बंद करायला विसरलाय."

मला वाटतं, माहलरबद्दल मी इतकी वर्षं जे वाचलं त्यातलं बरंच यात आलं. पुढे १९१० साली माहलरने मनोविश्लेषक फ्रॉइडची गाठ घेतली होती, हॉलंडमधल्या लायडनला. तेव्हा त्याने अशी आठवण सांगितली: आईबापांचं जोरात भांडण झालं, तो घराबाहेर पळाला, आणि रस्त्यावर हाताने फिरवायचा बाजा 'आख दू लीबर आउगुस्टीन' हे चालू गाणं वाजवत होता. दुःख आणि उडतं गाणं त्याच्या डोक्यात तेव्हापासून एकमेकांना चिकटून बसलं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं.

गावच्या तटाजवळ सिनेगॉग होतं. मार्च १९३९मध्ये नाझींनी ते जाळलं. त्या जागेवर २०१०पासून माहलर उद्यान आहे, यान कोब्लासाने केलेल्या त्याच्या पुतळ्यासह. आम्ही गेलो तेव्हा दोन पोरं पुतळ्याच्या पायाशी बसून चिप्स खात होती. तिथून पुढे अर्धा तास चालत ज्यू दफनभूमी. आईबापांची थडगी शोधायला वेळ लागतो, गवत ओलं असतं, बूट घालून जा.

चौथा आणि पाचवा दिवस : व्हिएन्ना

यिह्लावाहून व्हिएन्नाला थेट असं काही सोयीचं मिळालं नाही, गाडी बदलत गेलो. व्हिएन्नात उकडत होतं आणि लिंडनची झाडं फुलली होती, रस्तेच्या रस्ते त्या वासाने भरलेले.

१५ वर्षांचा माहलर १८७५ साली इथे शिकायला आला तेव्हा संगीत विद्यालय म्युझिकफेराइनच्याच इमारतीत होतं. सोनेरी दिवाणखान्यासाठी जगभर प्रसिद्ध असलेली ही इमारत आतून बघायला गाइडबरोबर फेरी असते. १९५४ साली आपल्या मुंबईचा १८ वर्षांचा झुबिन मेहता, म्हणजे त्या मेहली मेहतांचा मुलगा, या शहरात शिकायला आला. मोठ्या संचालकांच्या तालमी जवळून बघायला मिळाव्यात म्हणून तो आणि पुढे स्वतःही मोठा संचालक झालेला क्लॉडिओ अबादो इथल्या गायकवृंदात जाऊन गायचे. पुढे झुबिनने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर माहलरची दुसरी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. ती मिळवून ऐका. मुंबईच्या माणसाचं म्हणून नव्हे, जबरदस्त आहे म्हणून.

गंमत म्हणजे आम्ही होतो त्या दिवसांत शहरात माहलर कुठेच वाजत नव्हता. मग मोझार्टचं 'फिगारो' बघायला ऑपेराला गेलो, उभ्याच्या तिकिटावर.

उभ्याच्या तिकिटाबद्दल: बसायच्या चांगल्या जागा शे-दोनशे युरोंच्या पुढे जातात, उभं राहायला वीस युरोंच्या आतच मिळतं आणि दिसतं उत्तम. आत शिरलात की आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल किंवा ओढणी बांधून ठेवायची, जागा तुमची. मग खुशाल बाहेर फिरून या. ही पद्धत आम्हाला रांगेतल्या एका विद्यार्थिनीने शिकवली. ताईची कोल्हापूरहून आणलेली ओढणी कठड्यावर भलतीच उठून दिसत होती. शिवाय प्रत्येक जागेपुढे छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत संवाद येतात. गुडघे दुखत असतील तर मात्र हा उद्योग करू नका, तीन तास होतात. ताईने मध्यंतरात जिन्यावर बसून पाय चोळले.

उशिरा येणाऱ्यांना दार बंद, प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात अंधार, भाड्याने टाळ्या वाजवणाऱ्यांना बंदी: या घराला ही शिस्त माहलरने लावली. १८९७ ते १९०७ अशी दहा वर्षं तो इथला मुख्य होता. पण ज्यू माणसाला हे दरबारी पद मिळणं शक्य नव्हतं, म्हणून १८९७च्या फेब्रुवारीत हॅम्बुर्गला त्याने कॅथलिक धर्म घेतला. मेमध्ये तो इथे उभा राहून वाग्नरचा ऑपेरा 'लोहेनग्रिन' वाजवत होता. त्याच वसंतात कार्ल लुएगर, उघड उघड ज्यूद्वेष्टा, शहराचा महापौर झाला होता. बाप्तिस्म्याने वर्तमानपत्रांची तोंडं काही बंद झाली नाहीत. तो हे पद सोडून गेला तेव्हापर्यंत ती चालूच होती.

ऑपेराच्या बाजूच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. १९१९मध्ये दिलेलं, १९३८मध्ये नाझींनी काढून 'माइस्टरसिंगर' केलेलं, १९४६मध्ये परत लावलेलं. मी त्या पाटीचा फोटो काढत होतो तेव्हा एक आजोबा थांबले. "भारत?" म्हणाले. मग माझ्याकडून माहलरचं नाव ऐकून त्यांनी आर्नल्ड रोझेबद्दल विचारलं, माहीत आहे का. माहीत होतं: माहलरचा मेहुणा, व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये पन्नासहून अधिक वर्षं पहिलं व्हायोलिन. १९३८ साली त्याला हाकललं. तो लंडनला जाऊन गरिबीत मेला. त्याची मुलगी आल्मा, माहलरची भाची, आउश्वित्झच्या नाझी छावणीत बायकांच्या वाद्यवृंदाची प्रमुख होती आणि तिथेच १९४४मध्ये गेली. आजोबा "हां" म्हणाले, टोपीला हात लावला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कबर. शॉटनटोरहून ३८ नंबरची ट्राम शेवटपर्यंत ग्रिन्झिंगला जाते, तिथून दहा-पंधरा मिनिटं चढ. दफनभूमीत पाट्या जेमतेम आहेत. गट ६, रांग ७ हे लिहून न्या. उभा दगड, वर फक्त 'गुस्ताव माहलर', ना तारीख ना काही. मला शोधत येतील त्यांना मी कोण ते माहीत असेल, बाकीच्यांना कळायची गरज नाही, हा त्याचाच विचार. दगडाच्या माथ्यावर लोकांनी ठेवलेले खडे होते. ज्यू रिवाज. कॅथलिक म्हणून पुरलेल्या माणसाच्या थडग्यावर. ताईने वाटेतून एक खडा उचलून आणला होता, मला न सांगता.

तिथून खाली उतरलं की ग्रिन्झिंगच्या वाइनच्या बागा लागतात. चिजचं लाल लिप्टाउअर, काळा ब्रेड, काकडीची कोशिंबीर म्हणावी असं काहीतरी, आणि ताईला द्राक्षाचा रस. शाकाहारी माणसाचं व्हिएन्नात अडत नाही.

सहावा दिवस : श्टाइनबाख, आटरझे

रेल्वेने पश्चिमेकडे, मग तळ्याच्या कडेने जाणारी बस. रविवारी ही बस विरळ असते, शक्यतो आठवड्यात जा.

आटरझेचं पाणी फोटोत खोटं वाटतं, प्रत्यक्षातही वाटतं. काठावर हिरवळीत माहलरची पहिली झोपडी. १८९४ साली त्याने बांधून घेतली, दुसरी सिंफनी इथे पूर्ण केली आणि तिसरी इथेच लिहिली. एक खोली, तिन्ही बाजूंना खिडक्या, एक पियानो. किल्ली शेजारच्या गेस्टहाउसमध्ये मागायची.

आणि भोवती? कॅम्पिंगचं मैदान. झोपडीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर कॅराव्हॅन, वाळत घातलेले टॉवेल, पोरांचे पाण्यात सूर, कुणीतरी मांस भाजतंय, कुणाचा तरी रेडिओ. माहलर इथे काम करत असताना आवाज नको म्हणून पाखरं हाकलायला बुजगावणी उभी केली जायची आणि बाजा वाजवत आलेल्या भिकाऱ्यांना पैसे देऊन पुढे पाठवलं जायचं. मधल्या काळात या झोपडीत लोक कपडे धूत होते, नंतर तर तिचं स्वच्छतागृह झालं होतं! १९८५ साली डागडुजी करून तिला पुन्हा माहलरची केलं.

तर हे मला इतके दिवस नीट उमगलं नव्हतं. या माणसाला कोंबड्याचं आरवणं सहन होत नव्हतं, आणि त्याने लिहिलं काय? तिसऱ्या सिंफनीत लष्करी बँड आहे, दुरून येणारं टपालगाडीचं शिंग आहे, पक्षी आहेत, आणि देवदूतांच्या घंटा मुलं तोंडाने 'बिम् बाम्' करून वाजवतात. दार लावून घ्यायचं ते यिह्लावाचा चौक आतून ऐकू यावा म्हणून. १८९६ साली त्याचा तरुण मित्र ब्रुनो वाल्टर इथे आला आणि समोरच्या होलनगेबिर्गच्या कड्यांकडे बघत राहिला. माहलर म्हणाला, बघू नकोस, ते सगळं मी संगीतात उतरवून टाकलंय.

झोपडीत एक बटण आहे, दाबलं की माहलर वाजतो. शेजारच्या तंबूतलं एक सहा-सात वर्षांचं पोर ओल्या चड्डीतच आत आलं, त्याने बटण दाबलं, टपालशिंगाचा तुकडा उभ्यानेच ऐकला आणि पळालं. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. ताई मला म्हणाली, "तू गप बस, त्याला ऐकू दे." मी बोलतच नव्हतो.

जेवायला 'काइझरश्मार्न', म्हणजे फाडून तुकडे केलेला जाड गोड पॅनकेक, वर अलुबुखारचा मुरंबा. एका प्लेटमध्ये दोघांचं होतं.

सातवा आणि आठवा दिवस : मायरनिग, वोर्थरझे

साल्झबुर्गमार्गे क्लागेनफुर्ट. सगळा दिवस रेल्वेत गेला आणि खिडकीतून बघण्यात तो वाया गेला असं वाटलं नाही.

मायरनिगला तळ्याच्या काठी माहलरचा बंगला आहे, खाजगी, आत जाता येत नाही. झोपडी वर जंगलात, पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर. चांगली पक्की खोली आहे ही. फक्त उन्हाळ्यात आणि ठरावीक दिवशीच उघडते, आधी बघून जा. पावसानंतर वाट निसरडी असते, ताईला काठी लागली.

इथलं त्याचं वेळापत्रक त्याच्या बायकोने, आल्माने, लिहून ठेवलं आहे. सहाला तो वर जायचा. त्याच्या आधी स्वयंपाकीणबाईने न्याहारीचं ताट घेऊन दुसऱ्या, जास्त चढाच्या आडवाटेने वर जायचं, कारण कामाला बसण्याआधी माणसाचं तोंड दिसलेलं त्याला खपायचं नाही. ताईला हे अजिबात आवडलं नाही. "सिंफन्या याच्या, पाय त्या बाईचे," म्हणाली. त्या आडवाटेवरून जाऊन बघते असा तिचा हट्ट होता. ती कुठली हे कुणाला सांगता आलं नाही.

पाचवी ते आठवी अशा चार सिंफन्या या एका खोलीत झाल्या. 'मेलेल्या मुलांची गाणी'ही इथेच, १९०१ ते १९०४ या काळात, रुकर्ट या कवीच्या कवितांवर. शेवटची गाणी लिहिली तेव्हा खाली बंगल्यात त्याच्या दोन धडधाकट मुली होत्या, धाकटी तर नुकतीच जन्मलेली. अशा वेळी हे असलं कशाला लिहायचं म्हणून आल्मा घाबरली होती. १९०७च्या जुलैमध्ये मोठी, मारिया, खालच्या त्याच बंगल्यात स्कार्लेट फीवर आणि घटसर्पाने गेली. पाच वर्षांचीही नव्हती. ग्रिन्झिंगला बापाशेजारी तीच आहे. त्यानंतर माहलर मायरनिगला राहायला आला नाही.

यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. खाली उतरून भाड्याची होडी घेतली. सातव्या सिंफनीचा आरंभ त्याला काही केल्या सुचत नव्हता. १९०५च्या उन्हाळ्यात पलीकडच्या क्रुम्पेनडोर्फला उतरून तो होडीत बसला आणि वल्ह्यांच्या पहिल्या फटकाऱ्यालाच लय सापडली. मी वल्हवत होतो, ताई मोबाइलवर ती सुरुवात लावून माझा ठेका जुळतो का बघत होती. "तू फार द्रुत जातोयस. विलंबित आहे ते." शेवटी वल्ही तिनेच घेतली.

इथलं खास खाणं 'कासनुडेल्न': दह्याच्या चक्क्यासारखं चीज, बटाटा आणि पुदिना भरलेली, कडेला वेणीसारखी मुरड घातलेली उकडलेली करंजी, वर लोणी. मुरड इतकी सुबक होती की ताईने आधी फोटो काढला. या प्रवासात एकच पदार्थ पुन्हा खायचा असेल तर हा.

शेवटचा टप्पा : टोब्लाख

लिएन्झवरून गाडी नदीच्या काठाने इटलीत शिरते. गावाला दोन नावं, जर्मन टोब्लाख आणि इटालियन दोब्बियाको. स्टेशनवर दोन्ही असतात. जुलैत इथे माहलर महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळवणं कठीण.

तिसरी झोपडी आल्टश्लुडरबाख या वाडीत, आज एका प्राणीउद्यानाच्या आत आहे. तिकीट काढायचं, बकऱ्या, हरणं, रानडुकरं ओलांडत जायचं, आणि मग कुंपणाआड एक लाकडी खोपटं. पहिल्या दोहोंच्या मानाने अगदीच किरकोळ. १९०८ ते १९१० हे तीन उन्हाळे तो इथे होता. मुलगी गेलेली, व्हिएन्ना सुटलेलं, हृदयाचा आजार निघालेला. इथे त्याने चिनी कवितांच्या जर्मन रूपांवर 'पृथ्वीचं गाणं' लिहिलं, नववी सिंफनी लिहिली, दहावी अर्धी ठेवली. असं सांगतात की एकदा शिकारी पक्ष्याने पाठलाग केलेला कावळा खिडकीतून थेट या खोलीत घुसला आणि माहलर घाबरून उठला. एवढं करून आवाज आत यायचा तो आलाच.

दहाव्या सिंफनीत कापडात गुंडाळलेल्या ढोलाचे ठोके आहेत. न्यूयॉर्कला हॉटेलच्या खिडकीतून त्याने अग्निशामक दलातल्या एका माणसाची अंत्ययात्रा पाहिली होती, ढोल तिथला. यिह्लावाच्या खिडकीपासून हा धागा सुटलेला नाही.

दुपारी वरच्या कुरणावर गेलो. ताई पुढे होती. एकाएकी थांबली आणि हात वर केला. गायींच्या गळ्यातल्या घंटा, वेगवेगळ्या पट्टीच्या, कुठलाही ठेका न धरता, वाऱ्यावर जवळ-लांब होत होत्या. माहलरने सहाव्या आणि सातव्या सिंफनीत खऱ्या गायींच्या घंटा वाजवायला लावल्या आहेत, आणि त्या अशाच, ठेका न धरता, लांबून ऐकू याव्यात अशी सूचना आहे. ताईने षड्ज धरायचा प्रयत्न केला, एकही घंटा तिच्या सुरात बसेना. "लावू देत नाहीत मेल्या," म्हणाली आणि गवतात बसली. पुढचा तास आम्ही तिथेच होतो. गायवाल्या बाईंनी येऊन ताजं ताक दिलं, पैसे घेतले नाहीत. ताईने पर्समधून सुपारीची पुडी काढून दिली, ती त्यांनी वास घेऊन एप्रनच्या खिशात ठेवली.

परतीला टोब्लाखहून व्हेनिसकडे जाणाऱ्या बस मिळतात, रस्ता डोलोमाइटच्या डोंगरांतून जातो, उजवी-डावी कुठलीही खिडकी धरा.

माहलर कधीच न ऐकलेल्यांनी सुरुवात कुठून करावी यावर व्हेनिसच्या विमानतळावर आमचं भांडण झालं. मी म्हणतो पहिली सिंफनी: तासाभराच्या आत संपते आणि तिसऱ्या भागातला तो लग्नाचा बँड ऐकलात की पुढचं तुमचं तुम्ही बघाल. ताई म्हणते चौथी, कारण शेवटी एकच बाई गाते आणि तिचे शब्द स्वर्गातल्या जेवणाबद्दल आहेत. दोन्ही ऐका. पण हेडफोनवर ऐका, आणि पंखा बंद करून, कारण पहिलीची सुरुवात इतकी हलकी आहे की पंख्याखाली ती सुरू झालेली कळतच नाही.